रुमालाचा सिनेमा

बारामती,
ता. २ डिसेंबर १९५४

सौ. कौसल्येस,

आशीर्वाद मागच्या पत्रातले शिल्लक असतील, तेच पुरवून वापर. नवे द्यायच्या मनःस्थितीत मी नाही.

तुझं कार्ड पोचलं. एवढं मोठं कार्ड आणि त्यावर एकच ओळ : "रुमालाखालचा हात पोरीच्या अंगाला लावायचा न्हाय." वर मायना नाही, खाली नाव नाही. पोस्टमननं ते माझ्या हातात देण्याआधी वाचलं होतं. त्यानं विचारलंसुद्धा, "कसला रुमाल वो, कुंडलिकराव?" मी म्हटलं, घरगुती आहे.

पहिलं बाळंतपण म्हणून इंदापूरला माहेरी गेलीस, ठीक. रीतच आहे. सव्वा महिन्यानं मी न्यायला यायचं ठरलं होतं. आता पोरगी बाळसं धरून हसायला लागली असेल आणि मी अजून तिचं तोंड पाहिलेलं नाही. नाव काय ठेवलं तेही ठाऊक नाही. बाप म्हणून नको, ओळखीचा माणूस म्हणून तरी बारशाला बोलवायचं होतंत.

तुला माझं काम चोरीचं वाटतं, कारण ते झाकून करतात. अगं, या पेठेत गुळाचा सौदा पहिल्यापासून असाच होतो. आडत्याच्या वतीनं मी हात पुढं करतो. हातावर रुमाल. एकेक व्यापारी रुमालाखाली हात घालतो आणि माझी बोटं दाबून आपला भाव सांगतो. कुणी किती सांगितला ते फक्त माझ्या हाताला कळतं. सगळ्यांचं झालं की चढा भाव ज्याचा, त्याचं नाव मी पुकारतो. उघड बोली लागली की माणसं इरेला पेटतात, भांडणं होतात. रुमालानं सगळ्यांची अब्रू राहते. यात पाप कुठं आलं?

तात्यांचा गूळ गेल्या हंगामात पडत्या भावानं गेला, त्याला मी काय करणार? तुझे वडील म्हणून भाव वाढवून देऊ? माल काळपट होता. खुद्द महिपतराव आण्णांनी ढेप फोडून पाहिली होती. ज्यांच्या आडतीवर आपली चूल पेटते, त्या माणसाच्या शब्दावर तुझा विश्वास नाही, आणि शेजारच्या गाडीवाल्यानं काय सांगितलं त्यावर आहे. तो विषय आता नको.

हंगाम सुरू झालाय. दरवर्षी पहिला गूळ आणणाऱ्या शेतकऱ्यांना आण्णा जेवण घालतात. यंदा म्हणाले, जेवण कोण लक्षात ठेवतंय, सिनेमा दाखवू. मैदानात तंबू लागलाय. सगळा तंबूच घेतलाय आण्णांनी. तंबूवाला म्हणाला, लोक पोट धरून हसतील. आण्णा म्हणाले, "हसू द्या. हसलेला शेतकरी दुसऱ्या आडतीवर जात न्हाय."

काल एस.टी. स्टँडवर गेलो होतो. इंदापूरच्या गाडीत बसलोही. कंडक्टर आला तसा उतरलो. तो म्हणाला, जायचं नव्हतं तर चढला कशाला? 

पोरीचं नाव कळव.

कुंडलिक


बारामती,
ता. ११ डिसेंबर १९५४

कौसल्ये,

तुझं उत्तर नाही. नसू दे. मला सांगायचं आहे म्हणून लिहितो.

सिनेमा झाला. तू असतीस तर कनातीपलीकडं बायकांत बसून हसली असतीस, आणि तुझं हसणं मी बरोबर ओळखलं असतं. नटाचं नाव राहिलं नाही लक्षात, पण नाक राहिलं. भलं मोठं. तो एका व्यापाऱ्याच्या पेढीवर गुमास्ता असतो. मालक लोभी, गुमास्ता भित्रा. मालक सांगेल ते करायचं, आणि वर आपण किती इमानी म्हणून बायकोपुढं छाती काढायची, असं ते सोंग. पहिले दोन तास मीही हसलो. खोटं कशाला बोलू?

मग सौद्याचा देखावा आला. आपल्यासारखाच रुमाल. शेतकरी समोर बसलेला, आणि गिऱ्हाईक एकही नाही. मालक खोकतो. तसा तो गुमास्ता आपलेच दोन्ही हात रुमालाखाली घालतो आणि डाव्या हातानं उजव्याशी सौदा करायला लागतो. उजवा भाव सांगतो, डावा झिडकारतो. उजवा चिडून डाव्याचं बोट पिरगाळतो, तसा हा स्वतःच "मेलो, मेलो!" म्हणून ओरडतो. शेवटी दोन्ही हात एकमेकांना कडकडून भेटतात, आणि माल मालकाच्याच घरात जातो. शेतकरी बिचारा पाया पडतो, म्हणतो, तुमी हुता म्हणून एवढा तरी भाव आला.

तंबू डोक्यावर घेतला लोकांनी. आण्णा सगळ्यांत पुढं खुर्चीवर. ते इतके हसले की उपरण्यानं डोळे पुसत होते. मला म्हणाले, "काय बेणं हाय रं हे! स्वतालाच माल इकतंय!" त्यांना खरंच काही लागलं नाही. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. एखाद्यानं आरशात पाहून दुसऱ्या कुणाला हसावं, तसं चाललं होतं.

मागं मात्र हसणं मधेच थांबलं. कुणीतरी म्हणालं, "आरं, ही तर आपलीच पेठ!" आणि मग पुन्हा हसू उठलं, पण ते निराळं होतं. त्यात माझं नाव ऐकू आलं.

माझा उजवा हात मांडीखाली दाबून धरलेला होता. मुंग्या आल्या तेव्हा लक्षात आलं.

तात्या आले नव्हते सिनेमाला. बरं झालं.

कुंडलिक


बारामती,
ता. १७ डिसेंबर १९५४

कौसल्ये,

हसू नकोस म्हणून सांगत नाही, हसच. सगळी पेठ हसते आहे.

बाजारच्या दिवशी मी नेहमीसारखा गुळाच्या ढेपांपुढं बसलो आणि रुमाल झटकला. झटकला एवढंच. पलीकडं एक म्हातारा फुसकन हसला. त्याला बघून हमाल हसले. पहिल्या व्यापाऱ्यानं रुमालाखाली हात घातला, बोटं धरली, आणि तोही हसायला लागला. हसणाऱ्या माणसाच्या बोटांतून भाव कळत नाही, हे मला त्या दिवशी समजलं. त्याचा हात नुसता हलत होता. मी दातओठ खाऊन बसलो होतो. कुणीतरी ओरडलं, "कुंडलिकराव, आज डावा घेतो का उजवा?"

त्या दिवसापासून हेच. चहाच्या दुकानात गेलो, डावा का उजवा. देवळात प्रसादाला हात पुढं केला, पुजारी विचारतो, डावा का उजवा. सगळे त्याला रुमालाचा सिनेमा म्हणतात, आणि माझ्याकडं असं बघतात की जणू नाक माझंच होतं.

कऱ्हाटीच्या दगडाबाई तुला आठवतात का? नवरा गेल्यावर विहिरीच्या पाण्यावर स्वतः ऊस करणाऱ्या. त्यांचा गूळ होता. चार व्यापाऱ्यांचे हात झाले, आण्णा खोकले, आणि मी पुकारलं, "माल लीलाबाईंच्या नावावर!" नेहमी तसंच पुकारतो. दगडाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "ही लीलाबाई कोन? तिचा हात तर मला दिसला न्हाय रुमालात जाताना. का ती बी आतच बसलीया?"

हशा झाला. मग कुणीतरी सांगून टाकलं की लीलाबाई म्हणजे आण्णांच्या मंडळी. तसं हसू एकदम बंद झालं. दगडाबाईंनी रुमालाचं टोक चिमटीत धरलं आणि उचलला. खाली माझा एकटा हात, पालथा पडलेला. काय लाज वाटली म्हणून सांगू! लोकांत धोतर सुटलं असतं तरी एवढी वाटली नसती.

त्यांनी गूळ परत गाडीत भरला. त्यांच्यामागं आणखी गाड्या वळल्या.

आण्णांनी मला आत बोलावलं. म्हणाले, "तुझं त्वांडच तसलं हाय. चोरासारखं बसतोस, म्हणून लोकास्नी शंका येती." मी म्हटलं, आण्णा, तोंड जन्मापासून हेच आहे. म्हणाले, "मग हात धू, न्हायतर काय बी कर, पर हे हसणं बंद कर."

मी खरंच हात धुतो आहे, कौसल्ये. सारखा धुतो. कारण काही नाही, बसवत नाही म्हणून. जेवायला बसलो की उठतो, उठलो की कुठं जायचं ते सुचत नाही. परत स्टँडवर जाऊन आलो. तो कंडक्टर आता लांबूनच हात जोडतो.

कुंडलिक


बारामती,
ता. २४ डिसेंबर १९५४

कौसल्ये,

आता आनंदाची बातमी. आनंदाचीच आहे, आधी पूर्ण वाच.

आडतीच्या मागं दोन खोल्या रिकाम्या आहेत. पुढं अंगण, अंगणात आड, म्हणजे तुला डोक्यावरून पाणी आणायला नको. आण्णा त्या आपल्याला देतो म्हणालेत, आणि धंद्यात लहानशी पाती, म्हणजे भागीही. मी जाऊन पाहून आलो. आतल्या खोलीत तुळईला पाळण्याचं कडं आहे. लोंबकळून बघितलं, पक्कं आहे. पोरगी लग्नाची होईपर्यंत झोके घेतले तरी निघायचं नाही.

त्यासाठी एक गोष्ट करायची. चतुर्थीला आण्णा सगळ्या शेतकऱ्यांना ट्रकमधून मोरगावला नेणार आहेत. तिथं गणपतीपुढं, पायरीवर हात ठेवून मी म्हणायचं : रुमालाखाली खोटा हात कधी झाला नाही. बस्स. आण्णा म्हणतात, सिनेमाचं हसू देवाच्या दारातच मिटंल. मी म्हटलं, शपथ तुम्ही घ्या. म्हणाले, "माझा हात कुटं असतो रुमालात? हात तुझा हाय."

आता तू म्हणशील, घेऊ नका. तुला म्हणायला काय जातं? तू तुझ्या आईच्या, बनाबाईंच्या हातची भाकरी खाऊन बसली आहेस. मी इथं रोज डावा का उजवा ऐकतो. आणि खोटं तरी धड कुठं आहे? मी स्वतःसाठी कधी काही खाल्लं नाही. आण्णा खोकले तर मी पडत्या भावानं लीलाबाईंचं नाव घेतो, एवढंच. खोकला त्यांचा, नाव त्यांच्या बायकोचं. माझं त्यात काय? नोकरानं मालकाचं ऐकलं. जो तो हेच करतो. नाही ऐकलं तर दुसऱ्या दिवशी दुसरा हात बसतो त्या रुमालाखाली, आणि मी तुला घेऊन कुठं जाऊ? पोरीचा पाळणा कशाला बांधू?

शपथ झाली की त्याच आठवड्यात न्यायला येतो. तात्यांना यातलं काही सांगू नकोस. त्यांचा गूळही निघाला असेल आता. या खेपेला त्यांना म्हणावं, दुसऱ्या आडतीवर न्या.

हे मी का लिहिलं? खोडणार होतो. राहू दे.

त्यांचा गूळ काळपट नव्हता. पिवळाधमक होता. चारही व्यापाऱ्यांनी चढता भाव दाबला होता माझ्या बोटांवर. तात्या समोर उभे होते, माझ्याकडं बघत, कारण जावई आहे म्हटल्यावर त्यांना दुसरीकडं बघायची गरज नव्हती. आणि आण्णा खोकले.

मला तू इथं हवी आहेस. पोरगी हवी आहे. दुसरं काही मला सुचत नाही.

कुंडलिक


बारामती,
ता. ३० डिसेंबर १९५४

कौसल्ये,

मोरगाव झालं. कसं झालं ते तुझ्या कानावर उलटसुलट येईल, म्हणून मीच सांगतो.

ट्रक भरून माणसं होती. दगडाबाईही आपली बैलगाडी घेऊन आल्या होत्या. देवळापुढं त्या दगडी नंदीपाशी सगळे दाटीनं उभे राहिले. कुणी हसत नव्हतं. आण्णांनी नारळ फोडला. पुजाऱ्यानं माझ्या कपाळाला शेंदूर लावला. खरं सांगतो, मी शपथ घ्यायलाच गेलो होतो. सकाळपासून शब्द पाठ करत होतो. डोळ्यांपुढं ते तुळईचं कडं होतं.

पायरीपाशी वाकलो. हात पुढं केला. एवढ्यात दगडाबाईंनी विचारलं. चेष्टेनं नव्हे हं. त्या बिचाऱ्या देवाधर्माच्या बाई, त्यांना रीत नीट व्हावी असं वाटत होतं. म्हणाल्या, "थांबा, कुंडलिकराव. शपत कंच्या हातानं घ्यायची आसती? डाव्या का उजव्या?"

मी हाताकडं पाहिलं. चुकून डावा पुढं केला होता. म्हणून तो मागं घेतला आणि उजवा पुढं केला. मग वाटलं, उजव्यानंच तर सगळं केलंय. म्हणून परत डावा. आणि तिथं, गणपतीच्या दारात, मला तो सिनेमातला नाकाड्या दिसला. आपल्याच हातांशी भांडणारा. मला हसू फुटलं.

तंबूत त्या सौद्याला आलं नव्हतं ते सगळं हसू तिथं आलं. मी पायरीवर बसलो. दोन्ही हात पोटाशी धरून हसत होतो, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, श्वास पुरत नव्हता. आणि गंमत म्हणजे बाकी कुणी हसत नव्हतं.  ज्यांना उत्तर हवं होतं त्यांना ते मिळालं होतं. शेवटी मी कसाबसा म्हणालो, "आण्णा, माझ्यानं होत न्हाय."

आण्णा ट्रकमध्ये चढताना एवढंच म्हणाले, "तुला जागा न्हाय यात." ट्रकमध्ये की आडतीवर, ते विचारायची गरज नव्हती.

दगडाबाईंनी कऱ्हाटीपर्यंत गाडीत घेतलं. वाटेत भाकरी-ठेचा दिला. मी म्हटलं, मावशी, शपथ घेतली असती तरी तुम्ही हसलाच असता. तर म्हणाल्या, "छ्या! मी खरं मानलं आसतं. गनपतीफुडं कोन खोटं बोलंल?"

ते ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. एक हात पुढं करायचा अवकाश होता, कौसल्ये. सगळ्यांनी खरं मानलं असतं. तूसुद्धा.

आता नोकरी नाही. दोन खोल्या नाहीत. कडंही नाही. आहे ती खोली पुढच्या महिन्याअखेर सोडायची. तुला न्यायला कुठल्या तोंडानं येऊ? आधी हात आडवा येत होता, आता घरच नाही.

कुंडलिक


बारामती,
ता. ७ जानेवारी १९५५

कौसल्ये,

हे पत्र तात्याच देतील तुझ्या हातात. घाईत लिहितो आहे, ते बैल जुंपताहेत.

आज बाजार. माझं काही काम नव्हतं, पण पाय ऐकत नाहीत, म्हणून पेठेच्या तोंडाशी लिंबाखाली उभा होतो. रुमाल खांद्यावर होता. सवयीनं घेतला होता. तर समोरून तात्यांची गाडी. मी झाडामागं व्हायला गेलो. त्यांनी हाक मारली, "जावईबापू, लपता कशाला? म्या बघितलंय."

मी पाया पडलो.  म्हटलं, तात्या, तुमचा गूळ काळपट नव्हता. त्यांनी तंबाखू मळता मळता म्हटलं, "मला म्हाईत न्हाय व्हय? म्या केलाय तो." एवढंच. वर्षभर त्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग म्हणाले, "ह्यो माल इकायचाय. तुमी इका."

मी म्हटलं, मला आडतीवरून काढलंय. म्हणाले, "व्हय, मोरगावचं समदं आलंय कानावर. म्हणूनच म्हणतोय."

पेठेच्या टोकाला सोनबाची बारकी आडत आहे. तो म्हणाला, माझ्या दारात करा. व्यापारी जमले, थोडे हसत, थोडे चाचरत. मी ढेपांपुढं बसलो आणि सवयीनं रुमाल झटकला. तात्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाले, "आता त्वांडानं बोला."

कौसल्ये, मला बोलता येईना. इतकी वर्षं या कामात, पण माझ्या तोंडाला भाव बोलायची सवयच नाही.  पहिली बोली मी पुकारली ती माझी मलाच ऐकू आली नाही. मागून दगडाबाई ओरडल्या, "मोठ्यानं! हितं कोन झोपलंय?" मग पुकारलं. दुसरी, तिसरी. कोण किती बोललं ते सगळ्यांना कळत होतं. भांडण एक झालं, तेही लगेच मिटलं. फार भारी भाव आला नाही, पण त्या गुळाला जो यायचा तो आला. बोली लागल्यावर एकजणही हसला नाही. आण्णांच्या आडतीच्या दारातून लोक मान वर करून बघत होते. सोनबा म्हणाला, पुढच्या बाजारी या, ओरडायला माणूस लागंल. पगार आण्णांच्या निम्मासुद्धा नाही. आडतीवरचा माळा राहायला देतो म्हणाला. तुळई आहे, कडं नाही. ते मी ठोकीन.

तात्यांना आत्ता विचारलं, पोरीचं नाव काय? ते म्हणाले, "तुमाला आजून सांगितलं न्हाय तिनं? झुंबर." आणि बैलांकडं वळले. मी लिंबाच्या बुंध्याला धरून उभा राहिलो. माझ्या आईचं नाव. चांगलं ठेवलंस. फार चांगलं ठेवलंस.

तात्यांबरोबर तो रुमाल धाडतो आहे. इतक्या हातांवर पडून आणि इतक्यांदा धुऊन सुती कापड लोण्यासारखं मऊ झालंय. फाडून झुंबरचे लंगोट कर. त्याच्याकडून एकदा तरी चांगलं काम होऊ दे.

परवा सकाळच्या इंदापूरच्या गाडीत बसतो. कंडक्टर आला तरी उतरायचा नाही. दोन्ही हात घेऊन येतो आहे. डावा का उजवा, ते झुंबरला ठरवू दे.

तुझा
कुंडलिक